मनाची रोजची निगा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ताण आणि चिंता या विषयावर आलेल्या पत्रांतून या अंकासाठी सात पत्रे निवडली आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक अपेक्षा दिसते : अशी एखादी सवय सांगा, की जिच्यामुळे चिंता वाटणेच थांबेल. अशी सवय मला ठाऊक नाही, आणि तिचा शोध घेत राहिल्याने त्रास वाढतो, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. रोजच्या सवयी शरीराला विनाकारण चेतवणाऱ्या गोष्टी कमी करतात आणि मनात चिंता असतानाही आपल्या कामांपर्यंत व आपल्या माणसांपर्यंत पोहोचण्याचे बळ देतात. पुढील उत्तरे या भूमिकेतून वाचावीत. पत्रे संक्षेपाने दिली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : रात्री मला झोप लागते, पण अडीच-तीनच्या सुमारास जाग येते आणि त्यानंतर डोळ्याला डोळा लागत नाही. आईच्या तपासण्या, मुलाचे शिक्षण, कार्यालयातील कामे, सगळे एकदम डोक्यात गर्दी करते. किती तास झोप उरली, याचा हिशेब घड्याळ बघून करत राहते. झोप भरून निघावी म्हणून आता रात्री तासभर आधीच अंथरूण धरते आणि सुट्टीच्या दिवशी उशिरा उठते, तरी सकाळी अंग जडच असते.

उत्तर : मध्यरात्रीनंतर जाग येणे हा आजार नव्हे. प्रौढ माणसाची झोप साधारण दीड-दीड तासाच्या आवर्तनांनी पुढे सरकते, त्या आवर्तनांच्या सीमेवर थोडी जाग येतच असते आणि रात्रीच्या उत्तरार्धात गाढ झोपेचा वाटा कमी झालेला असतो. शिवाय पहाटेच्या तयारीसाठी कॉर्टिसॉल हे संप्रेरक त्याच काळात हळूहळू वाढू लागते. तुमची अडचण जाग आल्यानंतर सुरू होते : आधी घड्याळ, मग हिशेब आणि मग झोप ओढून आणण्याची धडपड. धडपडणारे मन जागेच राहते.

म्हणून सर्वांत आधी घड्याळ आणि मोबाइल अंथरुणावरून दिसणार नाहीत अशा जागी ठेवा. अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा झोप लागली नाही, असे वाटले तर उठा, मंद उजेडात बसा, कपड्यांच्या घड्या घालण्यासारखे निवांत काम करा किंवा फार रंगणार नाही असे काही वाचा, आणि डोळे मिटू लागले की मगच परत अंथरुणावर या. रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये ही पद्धत मांडली आणि निद्रानाशाच्या मानसोपचारात ती आजही वापरली जाते. अंथरूण आणि तळमळ यांची मेंदूत बसलेली सांगड सोडवणे हा तिचा हेतू असतो. पहिल्या काही रात्री ती जिवावर येते, हे खरे आहे. त्याच्या जोडीला तासभर आधी झोपायला जाणे थांबवा, कारण दिवसभराच्या जागेपणातून साठलेली झोपेची ओढ पुरेशी होण्याआधीच पाठ टेकली, तर झोप विरळ होते आणि मध्येच तुटते. उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही.

आता मनातल्या गर्दीविषयी. "हा विचार करायचा नाही" असे स्वतःला बजावून काही साधत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि तरीही तो आला तर घंटी वाजवा, असे सांगितले होते. घंटी पुन्हा पुन्हा वाजत राहिली. विचार दाबण्यापेक्षा त्याला दिवसातली एक ठरावीक वेळ देणे अधिक उपयोगी पडते. टॉमस बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अशी योजना तपासली होती, ज्यात रोज त्याच जागी, त्याच वेळी अर्धा तास केवळ काळजी करण्यासाठी राखून ठेवायचा आणि एरवी आलेली काळजी त्या वेळेपर्यंत पुढे ढकलायची, असे ठरलेले होते. ही वेळ संध्याकाळची असावी, झोपण्याच्या तोंडावर नसावी.

एक वही घ्या आणि पानाचे दोन भाग करा. डाव्या बाजूला काळजी जशी मनात येते तशीच लिहा : "आईच्या तपासणीत काही गंभीर निघाले तर?" उजव्या बाजूला त्यावरचे पुढचे पाऊल लिहा : "गुरुवारी सकाळी फोन करून अहवाल कधी मिळेल ते विचारणे." डावीकडे "मुलाचे पुढे कसे होणार?" असे आले आणि उजवीकडे काहीच सुचले नाही, तर "आज यावर करण्यासारखे काही नाही" असे लिहून पुढच्या ओळीवर जा. ते वाक्य हाताने लिहावे, मनात म्हणून भागवू नये, असा माझा आग्रह आहे. रात्री तोच विचार आला की वहीत त्याची नोंद झाली आहे, एवढेच स्वतःला सांगायचे असते.

झोपण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याच्या कामांची यादी करणे हा वेगळा आणि सोपा उपाय आहे. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाचे मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुण व्यक्तींवर केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुढची कामे लिहिणाऱ्यांना पूर्ण झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर लागत असल्याचे दिसले. अभ्यास लहान होता, परंतु उपायाला खर्च नाही आणि अपायही नाही. घरच्यांनी तुम्ही मोठ्याने घोरता किंवा झोपेत श्वास अडकतो असे सांगितले असेल, तर मात्र हे सारे करत बसण्याआधी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : चिंता वाटू लागली की दीर्घ श्वास घ्या, असे सगळे सांगतात. मी घेतो, तेव्हा डोके हलके होते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात आणि आपल्याला काहीतरी होत आहे या भीतीने जीव आणखी घाबरा होतो. माझ्यात काही दोष आहे का?

उत्तर : दोष तुमच्यात नाही, "दीर्घ श्वास" या सल्ल्याचा अर्थ "मोठा श्वास" असा घेतला गेला आहे. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये धोक्याच्या वेळी शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी कशी करते, याचे वर्णन केले. त्या तयारीत श्वासाची गती आपोआप वाढते. माणूस खरोखरच धावू लागला, तर तो जादा श्वास खर्ची पडतो. खुर्चीत बसून राहिला, तर शरीरात कार्बन डायऑक्साइड तयार होतो त्याहून अधिक बाहेर टाकला जातो, रक्तातील त्याचे प्रमाण उतरते, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या काहीशा आकसतात आणि चक्कर, मुंग्या, हलके वाटणे हे सारे सुरू होते. अशा वेळी तुम्ही छाती भरून आणखी मोठे श्वास घेता, त्यामुळे तेच अधिक वाढते. ही लक्षणे अतिशय घाबरवणारी असतात, मात्र श्वास सावकाश झाला की ती ओसरतात.

तेव्हा श्वास लहान आणि संथ ठेवा. पाठीला आधार देऊन बसा, एक हात छातीवर आणि एक बेंबीच्या वर ठेवा. तोंड मिटून नाकाने, मनात चार अंक मोजत, नेहमीइतकाच श्वास आत घ्या. खालचा हात किंचित पुढे यावा, वरचा जवळजवळ स्थिर राहावा. मग ओठ थोडे विलग करून, गरम वाफ फुंकरावी तसा, सहा अंकांपर्यंत तो सोडा. सोडून झाल्यावर पुढचा श्वास घेण्याची घाई करू नका. या गतीने मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने किंचित मंदावतात. बाहेर जाणारा श्वास लांबवण्यामागे हेच कारण आहे.

हा सराव मन शांत असताना, दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे करायचा असतो. ऐन घबराटीत तो पहिल्यांदा करून पाहणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायला घेणे. आणखी एक सूचना अशी, की "आता धडधड थांबलीच पाहिजे" या हेतूने श्वास मोजू नका. धडधड थांबली का, हे दर क्षणाला तपासणारे मन पहाऱ्यावर उभे असते आणि पहारा चालू असेपर्यंत शरीर सैल होत नाही.

काही जणांना श्वासाकडे लक्ष देणेच सहन होत नाही. त्यांनी श्वास बाजूला ठेवून स्नायूंकडे वळावे. एडमंड जेकबसन या अमेरिकी वैद्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलेल्या या पद्धतीच्या आजच्या प्रचलित रूपात एकेक स्नायूसमूह सुमारे पाच सेकंद ताणायचा आणि मग पंधरा-वीस सेकंद पूर्ण सैल सोडायचा असतो : आधी मुठी, मग दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. बहुतेकांना आपला जबडा किंवा खांदे दिवसभर आवळलेले होते, हे तेव्हाच प्रथम जाणवते. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा दम लागणे हे प्रथमच होत असेल, किंवा तुम्हाला दमा वा हृदयविकार असेल, तर ही चिंताच आहे असे स्वतः ठरवू नका. आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या.

प्रश्न : माझी दिवसभरात सहा-सात कप कॉफी होते. त्याचा चिंतेशी संबंध असू शकतो का?

उत्तर : असू शकतो. कॉफीतील कॅफिन या उत्तेजक द्रव्यामुळे धडधड, हातांची थरथर आणि अस्वस्थता निर्माण होते आणि चिंतातुर मन तिचा अर्थ "काहीतरी वाईट होणार" असा लावते. ज्यांना तीव्र घबराटीचे झटके येतात, ते कॅफिनला अधिक संवेदनशील असतात. शरीरातील कॅफिन निम्मे होण्यास प्रौढांमध्ये सरासरी पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचला घेतलेल्या कपाचा निम्मा अंश रात्री दहाला रक्तात असतो. दुपारनंतरचे कप आधी बंद करा आणि उरलेले एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करा. एकदम सोडल्यास दुसऱ्या दिवशीच डोके दुखते, चिडचिड होते आणि माणूस कंटाळून पूर्वपदावर येतो. ताण उतरावा म्हणून रात्री मद्य घेणाऱ्यांसाठीही येथेच लिहून ठेवते : त्याने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटत राहते आणि अंमल उतरताना चिंता वाढलेली असते.

प्रश्न : चिंता कमी व्हावी म्हणून मी पहाटे पाचला उठून ध्यान, व्यायाम, रोजनिशी, कृतज्ञतेची यादी आणि वाचन असा दोन तासांचा क्रम ठरवला आहे. मोबाइलवर त्याची नोंदही ठेवते. पण एखादा दिवस चुकला की दिवसभर अपराधी वाटते, आणि हल्ली तर क्रम पुरा होईल ना, याचीच चिंता लागून राहते.

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला वाईट वाटले, कारण इतक्या निष्ठेने प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला आणखी एक परीक्षा आली आहे. निगा राखण्याच्या सवयींना जेव्हा गुण दिले जाऊ लागतात, तेव्हा त्या निगा राखत नाहीत. माझा सल्ला असा आहे, की पाचपैकी तीन गोष्टी सध्या थांबवाव्यात आणि मोबाइलवरील नोंद पूर्णपणे बंद करावी.

उरलेल्या दोनांत एक शरीराची हालचाल असावी. चिंतेच्या बाबतीत नियमित हालचालीचा उपयोग भक्कमपणे दिसून आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील मार्गदर्शक सूचना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल सुचवतात. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत. हे एकदम व्हायला हवे असे नाही. दहा-दहा मिनिटांचे चालणेही त्यात मोजले जाते, आणि काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे, असे त्या सूचनाच सांगतात. हालचालीचा आणखी एक लाभ मला महत्त्वाचा वाटतो. जिना चढताना छाती धडधडते, घाम येतो, दम लागतो आणि काही वेळाने सारे आपोआप खाली येते. धडधड म्हणजे संकट नव्हे, हे शरीराला अशा प्रत्यक्ष अनुभवातून कळते. समजुतीच्या शब्दांनी ते तितकेसे कळत नाही.

दुसरी गोष्ट तुम्हीच निवडा, पण ती एखाद्या माणसाच्या सोबतीने होणारी असावी, असे मी सुचवेन. तुमच्या दोन तासांच्या क्रमात सगळे एकट्याने करायचे आहे, हे माझ्या लक्षात आले. मैत्रिणीशी आठवड्यातून दोनदा मोकळेपणाने बोलणे हीदेखील मनाची निगाच आहे.

ध्यान सोडावे लागेल याचे वाईट वाटून घेऊ नका. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सजगतेवर (माइंडफुलनेस) आधारित आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. अशा कार्यक्रमांचा अनेकांना लाभ होतो, परंतु डोळे मिटून स्वस्थ बसल्यावर ज्यांची उलघाल वाढते, असेही लोक असतात आणि ते कमी पडलेले नसतात. पावलांकडे लक्ष देत सावकाश चालणे त्यांना अधिक मानवते.

राहिला प्रश्न चुकलेल्या दिवसाचा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांच्या सवयी कशा रुजतात, याचा अभ्यास केला होता. एखादी कृती अंगवळणी पडण्यास लागलेल्या दिवसांचा मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना याहून अधिक) ६६ होता, पण व्यक्तीव्यक्तीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता, आणि एखाद्या दिवशी खंड पडल्याने सवय रुजण्यावर लक्षणीय परिणाम झाला नाही. तेव्हा चुकलेला दिवस भरून काढू नका. दुसऱ्या दिवशी नेहमीइतकेच करा.

प्रश्न : मनःशांतीला प्राधान्य द्यावे, असे वाचल्यापासून मी तसे वागू लागलो. सभेत बोलण्याच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो, म्हणून सादरीकरणे सहकाऱ्यावर सोपवतो. फार ताण वाटला तर त्या दिवशी रजा घेतो. त्या क्षणी बरे वाटते. पण पूर्वी केवळ मोठ्या सभांची भीती वाटत असे, आता फोनवर बोलायलाही नको वाटते.

उत्तर : भीतीच्या गोष्टीपासून दूर झाल्यावर जो सुटकेचा निःश्वास आपण टाकतो, ते मेंदूला मिळालेले बक्षीस असते. दूर झालो म्हणून वाचलो, असा धडा तो घेतो आणि पुढच्या वेळी थोड्या लहान प्रसंगालाही धोक्यात मोजतो. तुमची भीती मोठ्या सभेपासून फोनपर्यंत कशी पसरली, याचे उत्तर यात आहे. त्या रजेला तुम्ही विश्रांती म्हणता, पण विश्रांतीनंतर माणूस कामाकडे परततो. सवय कोणतीही असो, तिच्यानंतर आपण ज्या गोष्टींना मोल देतो त्यांच्या जवळ आलो की दूर गेलो, हे पाहावे.

उपाय म्हणजे पायरीपायरीने परत जाणे. सर्वांत सोप्या प्रसंगापासून सुरुवात करा : एका सहकाऱ्याला रोज एक फोन. मग चार जणांच्या बैठकीत एक प्रश्न विचारणे, मग एका पानाचा अहवाल वाचून दाखवणे, मग पाच मिनिटांचे सादरीकरण. प्रत्येक पायरीआधी आपल्याला नेमकी कशाची भीती वाटते, ते कागदावर लिहा. "माझा आवाज थरथरेल आणि सगळे हसतील", असे. प्रसंग झाल्यावर त्याच कागदावर जे घडले तेवढेच लिहा. समजा, नोंद अशी झाली : "पहिली दोन वाक्ये आवाज थरथरला. कोणी हसले नाही. एकाने दुसऱ्या तक्त्यातील आकडा विचारला." या दोन नोंदींमधले अंतर भीती कमी करण्याचे काम करते, म्हणून प्रसंगात पूर्ण वेळ थांबणे आवश्यक आहे. कागदातून मान वर न काढणे, भरभर वाचून मोकळे होणे, हे लहान आडोसे शक्य तितके सोडा, नाहीतर "आडोसा होता म्हणून निभावले" असेच मन म्हणत राहते. एकाच पायरीवर अनेकदा थांबावे लागले तरी हरकत नाही.

यात एक अपवाद आहे आणि तो मी ठामपणे नोंदवते. कार्यालयात अपमान होत असेल, छळ होत असेल किंवा दोन माणसांचे काम एकावर लादले गेले असेल, तर ताणाचे कारण तुमच्या मनात नाही. श्वास मोजत अन्याय सोसत राहा, असे मी कोणालाही सांगणार नाही. तेथे तक्रार, कामाची फेरवाटणी किंवा नोकरी बदलणे हाच उपाय असतो.

प्रश्न : माझ्या पतींना आपल्याला हृदयविकार आहे, अशी भीती वाटते. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी सर्व ठीक असल्याचे सांगितले. तरीही ते दिवसातून कितीतरी वेळा नाडी तपासतात आणि "मला काही होणार नाही ना?" असे मला विचारतात. मी दर वेळी धीर देते. आता मलाच थकायला झाले आहे.

उत्तर : तुम्ही मायेने दिलेला धीर काही मिनिटे टिकतो आणि पुढच्या शंकेला पुन्हा तुमच्याच दाराशी आणतो. त्याचबरोबर, एके दिवशी अचानक उत्तर देणे बंद केल्यास त्यांना तुम्ही पाठ फिरवली, असे वाटेल. म्हणून दोघेही शांत असताना बोला, हा प्रकार कसा चालतो ते त्यांना समजावून सांगा आणि उत्तर कसे द्यायचे ते मिळून ठरवा. ते पुन्हा विचारतील तेव्हा तुम्ही म्हणू शकता : "तुम्हाला आत्ता फार भीती वाटते आहे, हे मला दिसते. या प्रश्नाचे उत्तर आपल्याला डॉक्टरांनी दिले आहे, म्हणून मी ते पुन्हा देणार नाही, पण तुमच्याजवळ बसते." नाडी तपासण्याचे प्रमाणही हळूहळू खाली आणावे : आधी दर तासाला एकदाच, मग सकाळ-संध्याकाळ, मग बंद. सुरुवातीला त्यांची अस्वस्थता वाढेल. तेव्हा मोह टाळून ठरल्याप्रमाणे वागणे तुम्हाला कठीण जाईल. काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचार आणि वागणे यांवर काम करणारा मानसोपचार (सीबीटी), करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची मदत घ्या, आणि पहिल्या भेटीला तुम्हीही सोबत जा. मधल्या काळात रोज थोडा वेळ तरी तुम्ही त्या घरातल्या काळजीबाहेर असायला हवे, आणि त्यासाठी त्यांची परवानगी मागण्याची गरज नाही.

प्रश्न : सवयी बदलून पाहिल्या, थोडा फरक पडला, पण चिंता पुरती जात नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे केव्हा जावे? गोळ्यांची सवय लागेल, अशी भीती वाटते.

उत्तर : थोडी चिंता उरणे स्वाभाविक आहे. मात्र अनेक गोष्टींविषयीची आटोक्यात न येणारी काळजी सहा महिने बहुतेक दिवस टिकली आणि तिच्या जोडीला अस्वस्थता, थकवा, एकाग्रता न होणे, चिडचिड, स्नायूंचा ताण, झोपेची तक्रार अशी लक्षणे असली, तर तिला आजार मानून उपचार केले जातात. सहा महिने वाट पाहायला हवी, असा याचा अर्थ नव्हे. काम, शिक्षण किंवा घरातील नाती यांवर परिणाम होऊ लागला असेल, तर आजच जाणे योग्य. थायरॉइडची अतिक्रियाशीलता, रक्तक्षय आणि दम्यावरील काही औषधे यांमुळेही धडधड व अस्वस्थता येते, म्हणून शारीरिक तपासणी टाळू नका. जगू नये किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येत असतील, तर भेटीची वेळ मिळण्याची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि त्याच्यासोबत रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

गोळ्यांविषयी म्हणाल, तर दोन प्रकारांत लोकांची गल्लत होते. चिंतेवर दीर्घकाळासाठी प्रामुख्याने दिली जाणारी, मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित औषधे अमली नसतात. त्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात, सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता किंचित वाढू शकते आणि ही औषधे थांबवायची असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करावी लागते. तात्काळ शांत करणाऱ्या बेंझोडायझेपीन गटातील गोळ्यांची सवय मात्र खरोखरच लागू शकते; त्या थोड्या काळासाठी आणि देखरेखीखालीच घ्याव्यात, आणि बरेच दिवस घेत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत, कारण त्यातून फेफऱ्यासारखे झटके येण्याचा धोका असतो. शेजाऱ्याच्या किंवा नातेवाइकाच्या चिठ्ठीवरची गोळी तर कधीच घेऊ नये. औषधांशिवाय मानसोपचाराचाही पर्याय आहे आणि बऱ्याच जणांना दोन्हींचा मिळून उपयोग होतो.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर पुढील गोष्टी लिहून न्या : त्रास कधीपासून आहे, आठवड्यातून किती दिवस होतो, झोपण्या-उठण्याच्या वेळा, कॅफिन, तंबाखू आणि मद्य यांचे खरे प्रमाण, सध्या चालू असलेली सर्व औषधे, घरात कोणाला असा त्रास होता का, आणि त्रासापायी तुम्ही कोणती कामे करणे सोडून दिले आहे. शेवटचा मुद्दा बहुतेक जण सांगायचे विसरतात, आणि उपचार कोठून सुरू करायचे हे पुष्कळदा त्यावरूनच ठरते.